तारवाईचा कौल

"नारळ आत नेता येणार नाही, मावशी."

तिकिटाच्या खिडकीतून होडेकरचाचा एवढंच म्हणाले आणि तिकिटं मात्र हातातच धरून बसले. आयेने पदर आणखी पुढे ओढून घेतला.

"खयचो नारळ?"

"पदराखाली आहे तो."

"ता माझा पोट आसा."

चाचांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नीट न्याहाळून पाहिलं. "पोटाला शेंडी कधीपासून यायला लागली?"

वैनी तोंड फिरवून हसली. तिला मी कितीतरी दिवसांनी हसताना पाहत होतो. मला मात्र घाम फुटला, कारण आम्ही काही संग्रहालय बघायला आलो नव्हतो, आणि ते त्या माणसाला अजून सांगायचं होतं.

त्या वेळी मी रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात कामाला होतो. आमच्या घरातला दर्यावर न गेलेला पहिला पुरुष मीच. थोरल्या भावाला समुद्राने नेलं तसं आयेने माझं बखोट धरलं आणि मला कोरड्या जागी नोकरीला लावलं. बर्फाचा कारखाना कोरडा नसतो, पण तिला कोण सांगणार! वरचेवर बंदरावर जावं लागे, आणि तिथेच, खाडीच्या काठी एका जुन्या गोदामात, हे संग्रहालय होतं. दोन गंजलेले नांगर, काचेच्या पेटीतली गलबतांची लहान लहान रूपं, एक होकायंत्र, देवमाशाची बरगडी आणि पेंढा भरलेलं एक कासव. शाळेच्या सहली सोडल्या तर माणूस फिरकत नसे. होडेकरचाचा उमेदीत बोटीवर होते. म्हातारपणी या गोदामात तिकिटं फाडायला, धूळ झटकायला आणि मुलांना कासवावर बसू न द्यायला राहिले होते.

त्या नांगरांच्या आणि कासवाच्या पलीकडे, आतल्या भिंतीला, आमची तारवाई होती. तिच्यासाठी आये आणि वैनी पहाटेची बस धरून देवगडाकडून आल्या होत्या.

तारू म्हणजे गलबत. आमच्या खापरपणजोबांच्या गलबताच्या पुढच्या टोकाला कोरलेली ती सागवानी बाई. पुढे गलबत थकलं, मोडलं, पण बाईला कोणी मोडेना. वाडीने तिला किनाऱ्यावर एक घुमटी बांधून दिली आणि तिची देवी झाली. बाकी सगळी गाऱ्हाणी गावदेवाकडे जात. तारवाईला फक्त एकच प्रश्न विचारायचा, तोही एकाच प्रसंगी. दर्यावर गेलेला माणूस परतला नाही आणि प्रेतही लागलं नाही, तर तो आहे की नाही, हे तिने सांगायचं. गुरवाने तिच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची. तिच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर माणूस जिवंत. डावी पडली तर गेला.

आणि डावी पडेपर्यंत घरच्यांनी रडायचं नाही. हा आमच्या वाडीचा कडक नेम. मागे डोळ्यातून पाणी काढलं की तिकडे तो तरंगत असला तरी खाली ओढला जातो, असं मानतात. बायकोने कुंकू पुसायचं नाही, दिवस करायचे नाहीत, त्याचं नाव घेताना 'होता' म्हणायचं नाही.

माझा थोरला भाऊ वासू या दुपारच्या आठ वर्षं आधी ट्रॉलरवर गेला तो परत आला नाही. जोराचं वादळसुद्धा नव्हतं. एक मोठी लाट आडवी आली आणि ट्रॉलर कुशीवर झाला, असं वाचलेला एकटा सांगत होता. तिघांची प्रेतं विजयदुर्गाच्या बाजूला लागली. वासूचं लागलं नाही. वाचलेल्याने त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो डिझेलचं रिकामं पिंप धरून होता आणि पिंप तरंगत होतं. त्या एका पिंपाच्या आधाराने आमचं घर आठ वर्षं तरंगत राहिलं. मधूनच कोणी वेरावळहून यायचा आणि सांगायचा की तिथल्या धक्क्यावर एकजण बघितला, चाल थेट वासूची, हाक मारली तर गर्दीत शिरला. आये ऐकून घ्यायची आणि त्याला चहा द्यायची.

कौल लावायलाही ती तयार नव्हती. "इचारला की उत्तर येता," एवढंच म्हणायची. मग एका पावसाळ्यात उधाणाने घुमटी नेली. गुरवही त्याच वर्षी वारला. वाळूत पालथी पडलेली तारवाई पंचायतीने या संग्रहालयाला देऊन टाकली, वर हार घालून फोटोही काढला. आता विचारायला देवी जवळ नव्हती आणि रडायला परवानगी नव्हती.

यात वासूच्या बायकोचं, जयवंतीवैनीचं, काय चाललं होतं ते मला बाहेर राहून फारसं कळत नसे. एकदा दिवाळीला गेलो तेव्हा तिन्हीसांजेला आम्ही तिघं पडवीत बसलो होतो. दोघी एकदम गप्प झाल्या आणि मागच्या दाराकडे बघायला लागल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"पाय धुता," वैनी हळूच म्हणाली.

वासू दर्यावरून आला की मागच्या दगडावर उभा राहून लोट्याने पाय धुवायचा. आधी एक पाय, मग थांबून दुसरा. मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही. आयेला मात्र येत होतं, कारण दुसरा पाय धुऊन होईपर्यंत ती श्वास धरून बसली होती. मी उठून दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. दगड ओला होता. खाडीच्या काठी दगड ओला असायला काय लागतं, असं मी मोठ्याने म्हणालो.

अशा घरात वैनीचा भाऊ स्थळ घेऊन आला. राजापूरचे हिंदळेकर, पोस्टात नोकरीला, बायको बाळंतपणात गेलेली, पाठीमागे पाच वर्षांची मुलगी. वैनी तेव्हा तिशीच्या आतली होती. तिने 'नाही' म्हटलं, पण ज्या तऱ्हेने म्हटलं त्यावरून तिच्या भावाला जे कळायचं ते कळलं. वाडीतले जुने लोक मात्र आडवे आले. घोव जिता असला तर काय करणार? आधी कौल. आणि मग आये, जी आठ वर्षं कौलाचं नाव काढू देत नव्हती, एका सकाळी म्हणाली, "रवळूक सांगा, आमी रत्नागिरीक येताव." रवळू म्हणजे मी.

का, ते कोणाला विचारायची गरज वाटली नाही. आयेला उजवी पाकळी पाडून घ्यायची आहे आणि सुनेला घरात बांधून ठेवायची आहे, असं सगळ्या वाडीने गृहीत धरलं. मीही धरलं. मला आयेचा राग आला होता, तो मी लपवलाही नव्हता. येताना बसमध्ये वैनी एका लहान फ्रॉकला बटणं लावत होती. आयेची नजर गेली तशी तिने तो पिशवीत खुपसला. आयेने खिडकीबाहेर बघितलं. हे मला वैनीने उतरल्या उतरल्या सांगितलं आणि वर म्हणाली, "भावोजी, ती उजवी पडली तर मी काय एक बोलूचंय नाय. तुमीय बोलू नका."

म्हणजे एवढं सगळं त्या दोन पाकळ्यांवर होतं.

खिडकीशी मी चाचांना बाजूला घेतलं आणि खरं काय ते सांगितलं. ते ऐकत होते तेव्हा त्यांची नजर वैनीच्या कपाळावरच्या कुंकवाकडे होती.

"हात लावायला मनाई आहे," ते म्हणाले. "साहेबाने बोर्डच लावलाय."

"मला माहीत आहे."

"लाकूड जुनं आहे. काही झालं तर माझी नोकरी जाईल."

"फक्त दोन पाकळ्या, चाचा."

त्यांनी आयेकडे पाहिलं. आये नारळासकट ताठ उभी होती, जणू दरवाजा तिच्याच बापाचा. चाचांनी सुस्कारा सोडला, आमच्या मागून पुढचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली. "जेवणाची सुट्टी," ते म्हणाले. "नारळ फोडायचा नाही. फरशीवर पाणी नको. चपला इथेच काढा."

"चपला काडूक तुमी सांगूक व्हया?" आये म्हणाली. ती केव्हाच अनवाणी झाली होती.

आतल्या दालनात ऊन पोचत नव्हतं. हा भाग पूर्वी होड्या आत घ्यायचा होता. फळ्यांची जमीन आणि तिच्याखाली खाडीचं पाणी. भरती लागली होती. फळ्यांच्या फटीतून खालचा ओला, खारट वास वर येत होता. भिंतीवर लोखंडी आकडे ठोकून त्यांनी तारवाईला बसवलं होतं, गलबतावर असते तशीच, पुढे झुकलेली. त्यामुळे समोर उभं राहिलं की ती आपल्यावर ओणवी होऊन काहीतरी ऐकते आहे असं वाटे. एक हात कोपरापासून गेलेला. डोळ्यांत बसवलेले शिंपले तेवढे शाबूत. मी लहानपणी घुमटीत शेंदूर आणि फुलांच्या ढिगाखाली तिला पाहिली होती. इथे तिचा शेंदूर खरवडून काढला होता आणि ती अगदी माणसासारखी दिसत होती. मला ते आवडलं नाही.

आयेने खालच्या पाटीकडे बोट दाखवलं. "काय लिवल्यानी?"

"जहाजाच्या अग्रभागावरील स्त्रीप्रतिमा. कर्ता अज्ञात."

"म्हणजे?"

"कोणी केली ते माहीत नाही."

"तुझ्या खापरपणज्यान केल्यान ती. सांग तेंका." मग ती पुढे झाली आणि तारवाईच्या तोंडाकडे बघून एकदम मऊ आवाजात म्हणाली, "गे बाये, घाम इलोहा गो तुका."

खरंच आला होता. गालांवर, गळ्यावर, खांद्यांवर बारीक थेंब उभे राहिले होते.

"भरती लागली की येतो," मागून चाचा म्हणाले. "मिठात मुरलेलं लाकूड आहे. मी रोज पुसतो. पुसलं की परत येतो."

आयेने पुसू दिलं नाही. तिने पिशवीतून पानात गुंडाळलेल्या तगरीच्या पाकळ्या काढल्या, नारळ तारवाईच्या समोर फळीवर ठेवला आणि पाकळ्या माझ्या हातात दिल्या. गुरव नव्हता, तेव्हा घरातल्या पुरुषाने गाऱ्हाणं घालायचं होतं. मी स्टुलावर चढलो. लाकूड गार असेल असं वाटलं होतं, ते कोमट होतं. उजव्या खांद्यावर एक पाकळी लावली, डाव्या खांद्यावर एक. दोन्ही नीट चिकटल्या. खाली उतरून हात जोडले.

"बाये तारवाये म्हाराजा," मी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा," आये आणि वैनी म्हणाल्या.

"आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे इली हत म्हाराजा…"

"व्हय म्हाराजा."

"तुझो लेकरू वासू…"

इथे मी अडलो. आठ वर्षांत मी त्याचं नाव असं मोठ्याने घेतलं नव्हतं. 'वासू' म्हटल्यावर पुढे काय, 'आहे' की 'होता', ते तोंडातून निघेना. मग आये माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. बायकांनी गाऱ्हाणं घालायची रीत नाही. तिने पदर कमरेला खोचला आणि ज्या आवाजात ती किनाऱ्यावरून होडीला हाक मारायची त्या आवाजात म्हणाली,

"तुझो लेकरू वासू ट्रॉलरवर गेलो तो घराक इलो नाय म्हाराजा!"

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि वैनीने पदर तोंडात धरला होता. गाऱ्हाण्याला प्रतिसाद मिळाला नाही तर ते तिथेच अडतं. तेवढ्यात पाठीमागून, जरा चाचरत, चाचांचा आवाज आला.

"होय महाराजा."

आयेने मागे वळून पाहिलं नाही. "तो जितो आसात तर उजवी दी. नसात तर डावी दी. काय ता आज सांग, आणि माका ह्या फेऱ्यातसून मोकळी कर म्हाराजा."

"होय महाराजा," चाचा म्हणाले. या वेळी माझाही आवाज त्यात मिसळला.

मग वाट बघणं. दालनात एक पंखा होता, तो बंद होता. खिडक्यांना काचा होत्या. वारा कुठूनही नव्हता. मी डाव्या पाकळीकडे बघत होतो आणि मनातल्या मनात तिला खाली ढकलत होतो. मला भाऊ नको होता असं नाही. पण डोळ्यांसमोर वैनी उभी होती, बसमध्ये फ्रॉकला बटणं लावणारी, आणि वासूचा चेहरा मला आता फोटोशिवाय आठवत नव्हता. डाव्या खांद्यावर एक थेंब मोठा झाला, ओघळला, पाकळीच्या कडेपर्यंत आला. पाकळी थोडी हलली. थेंब तिला वळसा घालून खाली गेला.

आणि तेव्हा मी ते ऐकलं.

आमच्या पाठीमागे, बंद दाराच्या बाजूला, कोणीतरी लोट्याने पाणी ओतलं. सावकाश, टाचेपासून बोटांपर्यंत. मग थांबलं. मग दुसऱ्या पायावर ओतलं. खाली भरतीचं पाणी फळ्यांना लागत होतं, त्याचा आवाज मी मघापासून ऐकत होतो. हा तो नव्हता. चाचा असतील म्हणून मी मान वळवली. चाचा माझ्या शेजारीच उभे होते, हात जोडून. दाराशी आमच्या चपलांशिवाय काही नव्हतं. मी दोघींकडे पाहिलं. त्यांनी ते ऐकलं होतं, आणि मी ऐकलं हेही त्यांना कळलं होतं. वैनीने माझं मनगट धरलं. तिचा हात बर्फासारखा होता, आणि बर्फ मला चांगला माहीत होता.

उजवी पाकळी पडली.

सुटली, तारवाईच्या मोडक्या हाताला लागली आणि खाली नारळावर येऊन बसली. डावी होती तिथेच, चांगली घट्ट.

वैनीने माझा हात सोडला, खाली वाकून कपाळ फळ्यांना टेकवलं आणि उठली. तिचा चेहरा अगदी सरळ होता. "बरा झाला," ती म्हणाली. "जिते आसत. आणि काय व्हया? चला आता, बस चुकात."

ती पिशवी उचलायला गेली. आयेने तिच्या पिशवीवर पाय ठेवला.

"थांब गो."

"कशाक?"

"ता फ्रॉक काड."

वैनी पांढरीफटक पडली. "आये, मी उगाच… तेच्या चेडवाक घालूक काय नव्हता म्हणान…"

"काड म्हणतंय ना." वैनीने फ्रॉक काढला. निळ्या फुलांचा होता. आयेने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, बगलेतली शिवण ओढून पाहिली. "बटाणा इली. काज कोण करतलो? पुरो कर आणि घेवन जा."

"खय?"

"राजापूराक. खय म्हणान काय इचारतंस?"

"आये," मी म्हणालो, "उजवी पडली. तुला कळलं ना? उजवी."

"माका डोळे आसत." तिचा आवाज चढला. ती माझ्याशी बोलत होती, पण बघत होती तारवाईकडे. "उजवी पडली. झील माझो जितो आसा. हात हत, पाय हत, वाट म्हायती आसा. आणि येणा नाय. आठ वर्सा येणा नाय! दर्यान व्हरून नेलो आसतो तर मी हिका सांगलंय आसतंय, बाये, गरीब बिचारो गेलो, तेच्या नावान दोन वर्सा रव, मगे जा. पण जो आपल्या पायान रवलोहा, तेच्यासाठी परक्याच्या लेकीन कित्याक झिजूचा? सांग माका. कित्याक?"

आयेने पिशवीवरचा पाय काढला.

"वाडीवाले इचारले तर सांगा," आये म्हणाली, "कौल उजवो पडलो आणि सासयेन सुनेक सोडल्यान. कोणाक काय इचारूचा आसात तर माका येवन इचारा."

मग तिने वैनीच्या डोक्यावरून हात फिरवला. फ्रॉक तिच्या हातात दिला. आणि तेव्हा वैनी रडायला लागली, आठ वर्षांचं एकदम, आवाज करून, त्या ओणव्या तारवाईच्या पुढ्यात उभी राहून. चाचा लगबगीने तिला पाठीमागच्या मोरीकडे घेऊन गेले, तोंड धुवायला.

वासू आला नाही, हे इथेच सांगून टाकतो. वेरावळहूनही पुढे काही कळलं नाही. वैनीचं लग्न त्याच वर्षी झालं. हिंदळेकर भला माणूस निघाला. निळ्या फुलांच्या फ्रॉकवाली आता दोन मुलांची आई आहे आणि मला अजून काका म्हणते. आये ते सगळं बघून, म्हातारी होऊन गेली. तिच्या मागे आम्ही घर बंद केलं. संग्रहालय तिथून हललं, मोठं झालं, तारवाई आता काचेत आहे असं ऐकतो. मी बघायला गेलेलो नाही. जाणारही नाही.

त्या दुपारी वैनी तोंड धुऊन येईपर्यंत आम्ही दोघं बाहेर धक्क्याच्या कठड्यावर बसलो. भरती पुरी झाली होती. आये खाडीकडे तोंड करून बसली होती. माझा राग कुठे गेला होता कोण जाणे, त्याच्या जागी नुसती लाज होती.

"आये," मी विचारलं, "डावी पडली असती तर?"

"तरीय सोडलंय आसतंय तिका. गेल्या शिगम्याकच ठरवलंय."

"मग एवढ्या लांब आलीस कशाला? घरीच सांगायचं होतं."

"तिच्यासाठी नाय इलंय."

"मग?"

एक होडी बाहेर चालली होती, आये तिच्याकडे बघत होती.

"माका वाटला, डावी पडात," ती म्हणाली.

"वाटलं, की तुला हवी होती?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. पण तिने उत्तर दिलं. "व्हयी होती. आठ वर्सा डोळे कोरडे ठेवलंय रे. सगळे म्हणतत, म्हातारी घट आसा. दगडाची आसा. ह्या एवढ्या लांब इलंय, म्हटला, आज सांगात ती, गेलो म्हणान. आणि हयच, तिच्या पायाकडे बसान, एकदा पोटभर रडान घेयन."

"मग रड आता. इथे कोण बघतंय?"

"कसा रडू?" आये म्हणाली. "तिना सांगल्यान ना जितो आसा म्हणान. जित्या झिलाक कोण रडता?"

वैनी संग्रहालयाच्या दारातून बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल, धुतलेल्या गालांवर पुन्हा ओघळ. येऊन ती आयेच्या पायाशी बसली. आयेने आपल्या पदराने तिचं तोंड पुसलं, एखाद्या लहान मुलाचं पुसावं तसं, डोळ्यांच्या कडासुद्धा सोडल्या नाहीत. मग पदराचा तो भिजलेला भाग तिने आपल्या दोन्ही डोळ्यांवर दाबून धरला आणि बस यायची वेळ होईपर्यंत तशीच बसून राहिली.